बॉडी जुनी, आवाज नवा

एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत काय चालतं, हे पुण्यातल्या पोरांना ऐकून तरी माहीत असतं. कंपनीकडून नुसती चासी येते. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस्स. तिच्यावर बॉडी बांधतात ते एसटीचे कामगार. मध्यंतरी तर जुन्या गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॉड्या उतरवून त्याच चासीवर पोलादी बॉड्या चढवायचं कामही झालं. चासी धडधाकट, बॉडी खिळखिळी, म्हणून बॉडी बदला. सरळ हिशेब.

मॉडेल रेल्वेच्या दुनियेत हाच हिशेब नेमका उलटा पडतो. तिथे बॉडी म्हणजे साच्यातून काढलेलं प्लॅस्टिकचं कवच. कपाटात नीट ठेवलं तर साठ वर्षांनीही जसंच्या तसं. म्हातारी होते ती चासी. मोटार गुरगुरते, गिअर चिरकतात, चाकांवर काजळी चढते. आणि मुख्य म्हणजे जुनी चासी मुकी. इंजिन डिझेलचं, पण आवाज शिलाई मशीनचा! म्हणून अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या हौशी लोकांनी गेल्या काही वर्षांत एक उद्योग आरंभलाय. जुन्या इंजिनाची बॉडी काढायची आणि डिकोडर, स्पीकर बसवलेल्या नव्या चासीवर ती चढवायची.

‘हे आम्हाला का सांगताय?’ असा प्रश्न पडला असेल, तर तो रास्त आहे. महागडा छंद, परदेशातला, त्यात रिटायर्ड काकांचा. पण दोन मिनिटं थांबा. जुनी वस्तू फेकायची की शोकेसमध्ये पुजायची, एवढे दोनच मार्ग आपल्याला दिसतात. या लोकांनी तिसरा शोधलाय, आणि त्यात डोकं लागतं.

आधी आकार समजून घेऊ. जगात सगळ्यात जास्त चालणारा मॉडेलचा आकार एचओ. खऱ्याच्या साधारण सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. जीपी-९ नावाचं खरं अमेरिकन डिझेल इंजिन सतरा मीटर लांब. मॉडेल जेमतेम वीतभर. अ‍ॅथर्न नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने अशी इंजिनं निळ्या खोक्यांत घालून स्वस्तात विकली आणि अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांच्या तळघरांत रेल्वे पोचवली. ‘ब्लू बॉक्स’ म्हटलं की तिकडच्या काकांचा आजही गळा दाटून येतो. आपल्याकडे बजाज चेतकचं नाव काढल्यावर होतं, तसंच काहीसं.

या निळ्या खोक्यातल्या बॉडीची एक गंमत आहे. त्या काळी छोट्या मोटारी मिळत नव्हत्या. मग कंपनीने काय केलं? मोटार मावावी म्हणून इंजिनाचं टपच रुंद केलं. बाकी सगळं मापात, फक्त पोट सुटलेलं. आजच्या मोटारी बारीक, त्यामुळे नवी चासीही बारीक. जुनी बॉडी तिच्यावर ठेवली की ती मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखी डुलते. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या चिकटवून ती घट्ट करावी लागते. अकरावीच्या प्रॅक्टिकलला ‘हे आयुष्यात कुठे लागणार?’ म्हणून ज्याला नावं ठेवली, तो व्हर्नियर कॅलिपर इथे लागतो. एफ-७ इंजिनाची बॉडी एफपी-७ च्या चासीवर बसत नाही, कारण खरं एफपी-७ चार फूट जास्त लांब आहे. चार फूट म्हणजे मॉडेलमध्ये चौदा मिलिमीटर. चौदा मिलिमीटर लपवायला जागा नसते.

मग कुणी विचारेल, जुन्या चासीतच चिप का नाही टाकत? टाकता येते. पण जुन्या अ‍ॅथर्नमध्ये मोटारीचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असायचा, म्हणजे सांगाडाच वायरचं काम करायचा. साध्या डीसीवर हे चालून जायचं. डिकोडर बसवायचा तर मोटार सांगाड्यापासून पूर्ण वेगळी करावी लागते. नाही केली तर डिकोडर जळतो. शिवाय मोटार करंट जास्त खाते, गिअर आवाज करतात, आणि चिपमधून येणारा डिझेलचा घुमणारा आवाज त्या किरकिरीत बुडून जातो. नवी चासी मुकाट चालते. आवाज ऐकवायचा तर आधी गोंगाट थांबायला हवा.

आता डिकोडर म्हणजे काय, ते बघू. जुन्या पद्धतीत रुळांतला व्होल्टेज वाढवला की गाडी पळायची, कमी केला की थांबायची. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळणार. डीसीसी या पद्धतीत रुळांत वीज कायम पूर्ण असते आणि तिच्यातूनच डिजिटल संदेश जातात. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता. ‘अमुक नंबर, पुढे जा, दिवा लाव, भोंगा वाजव.’ ज्याचा नंबर तोच ऐकतो. वर्गात हजेरी घेतल्यासारखं, फक्त इथे प्रॉक्सी चालत नाही. ही पद्धत घडवली जर्मनीच्या लेन्झ कंपनीने, पण १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी लोकांच्या संघटनेने ती खुलं मानक म्हणून स्वीकारली. ही संघटना १९३५ ची. त्या काळी प्रत्येक कंपनीची चाकं वेगळी, कपलिंगं वेगळी, एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालेना. म्हणून ग्राहकांनीच एकत्र येऊन मापं ठरवली.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी मोठी गोष्ट हीच आहे. साठ वर्षांपूर्वीची बॉडी आजच्या चासीवर बसू शकते, एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरचं ऐकतो, याचं कारण कुणा कंपनीची मेहेरबानी नाही. वापरणाऱ्यांनी मापं आधी ठरवली आणि कंपन्यांना ती पाळावी लागली. आपल्या ड्रॉवरमध्ये पडलेले चार्जर आठवा. युरोपियन युनियनने कायदा केला तेव्हा कुठे सगळ्या फोनना एकच पिन आली. रेल्वेवेड्या काकांनी ते काम कायद्याशिवाय, हातात पट्टी घेऊन करून दाखवलं.

पण इथेच एक धोकाही आहे. नव्या चासीतली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे तिच्यातली इलेक्ट्रॉनिक्स. प्लॅस्टिक साठ वर्षं टिकलं. ही चिप किती टिकेल? दहा वर्षांत तिच्याहून भारी चिप येणार, हे नक्की. आणि आता बहुतेक मॉडेलं आगाऊ नोंदणीवर, मोजक्या संख्येने निघतात. आज मिळणारा सुटा भाग उद्या मिळेलच असं नाही. म्हणजे या लग्नात बॉडी कायमची आणि चासी पाहुणी. हे ध्यानात न घेता कित्येक जण उत्साहाच्या भरात बॉडी आतून कोरतात, गोंदाने चिकटवून टाकतात, हातात ग्राइंडर आला की थांबतच नाहीत. आमचा विरोध याला आहे. कापायचंच असेल तर चासी कापा, बॉडी नको. गोंदाऐवजी स्क्रू. वायर थेट झाळू नका, मध्ये प्लग ठेवा. उद्या दुसऱ्या कुणाला हे सगळं सुटं करता आलं पाहिजे.

बॉडीची एवढी काळजी का? कारण कित्येक बॉड्यांवर माणसाचा हात फिरलेला असतो. अमेरिकेत हौशी लोकांनी स्वतःच्या काल्पनिक रेल्वे कंपन्या काढल्या. अ‍ॅलन मॅक्लेलंड यांची ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ त्यातली फार गाजलेली. कंपनीच अस्तित्वात नाही म्हटल्यावर तिच्या रंगाचं इंजिन बाजारात कुठून असणार? कुणीतरी रात्री जागून, ब्रशने, एकेक अक्षर चिकटवून ती रंगवलेली असते. अशी बॉडी जगात एकच. माणूस जातो, घर रिकामं होतं, नातवाच्या हातात खोकं येतं. आत गाडी आहे, पण चालत नाही. ती भंगारात जाणार की पुन्हा रुळावर येणार, हे बऱ्याचदा त्या एका चासीवर ठरतं.

अर्थात सगळंच उघडून बसायचं नाही. मूळ खोक्यात, मूळ कागदांसकट, न वापरलेलं जुनं मॉडेल हाती लागलं तर त्याला हात लावू नये. ते संग्राहकाकडे जाऊ दे. आणि हे सगळं पैसे वाचवायला करतोय, असंही कुणी म्हणू नये. चांगली चासी विकत घ्या, वर डिकोडर, स्पीकर. हिशेब केला तर बऱ्याचदा नवंकोरं इंजिन त्याच भावात येतं, वर नव्याचे तपशील अधिक रेखीव. बचतीसाठी करणार असाल तर नकाच करू.

खरी मजा स्पीकरच्या पायी येते. मोबाइलमध्ये असतो तसला इवलासा स्पीकर, नखाएवढा. तो नुसता बॉडीत ठेवला तर आवाज येतो डासाचा. का? पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतोही. पुढची आणि मागची ध्वनिलहर एकमेकींना खाऊन टाकतात. स्पीकरच्या मागे हवाबंद डबी बसवली की तोच आवाज एकदम भरदार होतो. फिजिक्सच्या पुस्तकात हे एका ओळीत असतं, इथे कानाला कळतं. पण डबीला जागा हवी. जागा करायची तर आतलं शिशाचं वजन काढावं लागतं. वजन काढलं की चाकांची पकड सुटते आणि आठ डबे ओढणारं इंजिन पाच डब्यांत धापा टाकतं. आवाज हवा की ताकद? सगळं मिळत नाही. जुने दिवेही बदलावे लागतात. ते इतके तापायचे की आतून प्लॅस्टिक वाकायचं. त्यांच्या जागी एलईडी, आणि सोबत रेझिस्टर न विसरता.

आणि आवाज कुठला, हे सर्वांत महत्त्वाचं. ईएमडीचं ५६७ हे टू-स्ट्रोक इंजिन, त्याची लय वेगळी, सलग गुणगुणणारी. अल्कोची इंजिनं फोर-स्ट्रोक. ती खोकतात, दम खातात, मग सुटतात. अल्कोच्या बॉडीत ईएमडीचा आवाज भरला तर ते मराठी सिनेमाला चुकीचं डबिंग केल्यासारखं वाटतं. वाफेच्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार ‘छुक’ यायला हवेत. तीनही नाहीत, पाचही नाहीत. डिकोडरमधले आकडे बदलून ते जुळवावं लागतं. याला एक संध्याकाळ जाते, कधी चार.

हे सगळं परदेशातलं झालं. आपला धागा अल्कोचा. डब्ल्यूडीएम-२ हे आपलं इंजिन मूळचं अल्कोचं. पहिली काही १९६२ मध्ये अमेरिकेतून आली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. २६०० अश्वशक्ती, सोळा सिलिंडर, अल्कोचं २५१ बी इंजिन. अमेरिकेतली मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, आपल्याकडे तिचा वंश कित्येक दशकं चालू राहिला. त्यामुळे भारतीय इंजिनाचं मॉडेल करणाऱ्याला अमेरिकन अल्को २५१ चा आवाज बऱ्यापैकी जवळचा मिळतो. भोंगा मात्र परका. बॉडीचीही अडचण आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, एचओच्या मापात ती सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते. बाजारातले रूळ साडेसोळाचे. तयार भारतीय बॉड्या फारशा मिळत नाहीत. म्हणून इथला हौशी परदेशी चासी घेतो आणि बॉडी स्वतः घडवतो, आता थ्री-डी प्रिंटरवर. म्हणजे पुन्हा एसटीचीच गोष्ट, चासी आयती आणि बॉडी आपली. ज्यांच्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रिंटर धूळ खातोय, त्यांना मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधायला दूर जायला नको. आणि चालतं मॉडेल आधी डोळ्यांनी पाहायचं असेल, तर कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे.

आवाजाचं काम मात्र घाईचं आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. बोगद्यातून अल्को बाहेर पडताना दरीत घुमणारा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना तो सांगावा लागत नाही. ज्यांनी नाही ऐकला, त्यांना सांगता येत नाही. ईएसयूच्या लोकसाउंडसारख्या डिकोडरमध्ये आपण स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज भरता येतो. पण त्यासाठी प्लॅटफॉर्मवर मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ चालत नाही. इंजिन सुरू होताना, नुसतं उभं असताना, मग थ्रॉटलच्या आठ खाचांपैकी प्रत्येक खाचेवर, शेवटी बंद होताना, आणि भोंगा वेगळा, असे सुटे सुटे तुकडे लागतात, तेही मागे घोषणा आणि चहावाला नसताना. म्हणजे डिझेल शेडची लेखी परवानगी, एखादा समजूतदार लोको पायलट, बरा मायक्रोफोन आणि एक अख्खी दुपार.