शब्दांच्या मुळाशी : मुलूखमैदान तोफ

‘आता आपल्यापुढे मुलूखमैदान तोफ धडाडणार आहे’, अशी वक्त्याची ओळख करून दिली की टाळ्या पडतात. पुण्यात हे विशेषण फार सढळ हाताने वाटले जाते. आचार्य अत्र्यांना ते शोभून दिसे. आता मात्र प्रभागागणिक एक तोफ आहे. मूळ तोफ एकच होती, आणि ती आजही विजापूरच्या बुरुजावर आहे.

तिचे नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा स्वामी. मराठी जिभेने ‘मलिक’चा ‘मुलूख’ केला. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेले. त्यामुळे अपभ्रंशातही सत्तेचा सूर टिकला, एवढेच नव्हे तर मैदानाच्या जोडीला सारा मुलूखही आला. सन १५४९ मध्ये महंमद रूमी या तुर्की ओतकाराने ती अहमदनगरात निजामशाहीसाठी घडवली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहासारखा जबडा असून त्याच्या दातांत हत्ती चिरडलेला दाखविला आहे.

पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ मध्ये तिला विजापुरास नेले ते आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने. पुणेकरांनी हे नाव विसरू नये. त्याआधी दोनएक वर्षे याच मुरार जगदेवाने पुणे जाळून उद्ध्वस्त केले आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्या भूमीवर गाढवांचा नांगर फिरवला. त्याने मिरवीत नेलेल्या तोफेचे नाव आज त्याच पुण्यात गौरवाचे विशेषण झाले आहे! भाषेची स्मरणशक्ती अशीच लहरी.

विजापुरात आणखी एक गोष्ट सांगतात. तोफेजवळ पाण्याचा हौद असे. बत्ती देताच गोलंदाज त्यात बुडी मारी, नाहीतर त्या आवाजाने त्याचेच कान फुटले असते. आपल्या वाक्प्रचारात ही खबरदारी उतरलेली नाही. श्रोत्यांसाठी हौद नाही, आणि वक्त्यालाही आपला आवाज ऐकून बुडी मारावीशी वाटत नाही. शिवाय एवढी अवजड तोफ घटकाघटकाला डागता येत नसे. तिचा दरारा पुष्कळसा तिच्या मौनाचा होता, हे ‘तोफ’ म्हणवून घेणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

इंग्रजी अमलात, १८५४ साली, ती मोडीत काढण्यासाठी लिलावात निघाली. बोली आली १५० रुपयांची. तेवढ्यात विक्री रद्द झाली, म्हणून ती वाचली.