प्रामाणिकपणा परवडतो का?



परवा एका तरुण व्यापाऱ्याने विचारले, "काका, शेजारचा दुकानदार बिनबिलाचा माल स्वस्तात विकतो. मी बिल देतो, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे वळते. मग प्रामाणिकपणा परवडायचा कसा?"

प्रश्न रास्त आहे. बिल देणाऱ्याला काही काळ तोटा सोसावा लागतो, हे आधी मान्य केले पाहिजे.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: दुसऱ्यास चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलणे, वजनमापात लबाडी करणे आणि अस्सल मालात नकली मिसळणे. यात दरोडा नाही, घरफोडी नाही. बहुतेक दोष पेढीवरचेच आहेत. शिवाय माल कोठून आला, याचे उत्तरदायित्व घेणाऱ्यावरही आहे. २०१७ साली आलेल्या जीएसटी कायद्याचा रोखही तोच. आपण पुरवठादारास कर दिला, पण त्याने तो सरकारजमा केला नाही, तर आपले इनपुट क्रेडिट अडचणीत येते. म्हणून जाणता खरेदीदार आज भावाइतकाच पुरवठादाराचा चोखपणाही पारखतो. चोख व्यवहाराला बाजारात किंमत आहे, ती अशी.

तरीही ती प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही. माझ्या वडिलांची सांगलीत हळदीची पेढी होती. एकदा परगावी पाठविलेल्या पोत्यांत ओलसर माल गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले. समोरून तक्रार येण्यापूर्वीच त्यांनी पत्र लिहून चूक कळविली आणि फरकाची रक्कम पाठवून दिली. त्या व्यापाऱ्याने पुन्हा कधी मागणी नोंदविली नाही. तोटा तोटाच राहिला. आम्ही मुले हळहळलो. वडील एवढेच म्हणाले, "रक्कम खर्ची टाकली आहे. आता सामायिकाला बसताना ती आठवणार नाही."

त्या तरुणाला मी हेच सांगितले. प्रामाणिकपणा ही व्याजाने लावलेली रक्कम नव्हे. तो व्रत आहे. त्यातून पत वाढली तर तो लाभ, न वाढली तरी वहीचे कोणतेही पान झाकून ठेवावे लागत नाही. ती वही उद्या मुलांच्या हाती द्यायची आहे, एवढे स्मरण ठेवावे.