आपली पत, दुसऱ्याची वही

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या दप्तरावर होता. खतपत्रे हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. कारण आपल्या नावे काय लिहिले आहे, हे समजून घेण्याचा मार्गच ऋणकोला उपलब्ध नव्हता. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि ऋणकोला पावती द्यावी, त्याने मागितल्यास वार्षिक हिशेब लिहून द्यावा, असे बंधन सावकारावर आले.

या इतिहासाचे स्मरण होण्यास कारण आहे. आज सावकाराच्या वहीचे स्थान पतमाहिती कंपन्यांच्या नोंदींनी घेतले आहे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या त्या चार कंपन्या. २००५ च्या कायद्यान्वये बँका व वित्तसंस्था आपल्या कर्जाची व परतफेडीची माहिती त्यांना पुरवितात आणि त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान आपला पतगुणांक ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीने मागणी करणाऱ्यास वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे. हा हक्क आपल्यापैकी कितीजणांनी बजावला आहे?

आमच्या महाविद्यालयातील एका लिपिकाचा गृहकर्जाचा अर्ज गतवर्षी नामंजूर झाला. या गृहस्थांनी आयुष्यात एकही हप्ता चुकविलेला नव्हता. अहवाल मागविल्यावर उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या वाहनकर्जाला त्यांनी भिडेखातर जामीन म्हणून सही दिली होती. स्नेह्याचे हप्ते थकले आणि ती थकबाकी यांच्याही अहवालात उमटली. कचेऱ्यांतून आणि शाळांतून ‘नुसती सही’ मागितली जाते व दिली जाते. वस्तुतः जामीनदाराची सही हीसुद्धा कर्जाचीच सही असते.

अहवाल हाती आल्यावर केवळ गुणांक पाहून तो मिटून ठेवू नये. आपण न काढलेले एखादे कर्ज आपल्या नावावर आहे काय, फेडलेले खाते बंद दाखविले आहे काय, हप्ता किती दिवस थकला याच्या रकान्यात चूक आहे काय, हे क्रमाने तपासावे. ‘सेटल्ड’ हा शब्द वरकरणी समाधानकारक वाटतो. परंतु त्याचा अर्थ कर्ज पूर्ण फिटले असा नसून, बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली असा आहे, आणि पुढील बँक तो प्रतिकूलच मानते. आपल्याविषयी कोणकोणत्या संस्थांनी चौकशी केली, हेही तेथे नमूद असते. आपला अहवाल आपणच मागविल्याने गुणांक घटतो, ही समजूत मात्र निराधार आहे.

चूक आढळल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करावी. कंपनी स्वतःच्या अधिकारात नोंद बदलत नाही, तर संबंधित बँकेकडून खातरजमा करून घेते. म्हणून बँकेलाही पत्र द्यावे. तीस दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. या कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागण्याची सोयही २०२२ पासून आहे.

एवढे असूनही व्यवस्था निर्दोष आहे, असे म्हणता येणार नाही. नोंद करणारा एक, चूक करणारा तोच, आणि ती शोधण्याचा भार मात्र ऋणकोवर! अहवालाची परिभाषाही इंग्रजी व सांकेतिक आहे. अर्ज नाकारणाऱ्या बँकेने कोणत्या नोंदीमुळे तो नाकारला, हे अर्जदाराला त्याच्या भाषेत लिहून द्यावे, अशी मागणी शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी अवश्य करावी.

तोपर्यंत आपले काम आपणच केले पाहिजे. दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा अहवाल मागविला, तर वर्षभर विनामूल्य देखरेख राहते. व्यापारी दिवाळीत वहीपूजन करतो. पगारदाराच्या घरी वही नसते. त्याची वही दुसरेच लिहितात. ती निदान वाचण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, तो आळसापायी वाया घालविणे आपल्याला परवडणारे नाही.