रविवारच्या पंगतीत वेगळे ताट नको



सिलिॲक हा विकार केवळ लहान मुलांचा, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात साठी उलटल्यावरही त्याचे निदान होते. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ होत जाणारी हाडे, विनाकारण घटणारे वजन अशा रूपांत तो प्रकटतो. जुलाब असतातच असे नाही. गहू आणि जव यांतील ग्लुटेन हे प्रथिन या रुग्णांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. ते आयुष्यभर वर्ज्य करणे हाच यावरचा उपचार.

निदान झाले, की घरातील ज्येष्ठांचे ताट वेगळे होते. रविवारी सारे कुटुंब उशिराने, निवांत न्याहारी करते आणि आजी मात्र एकट्याच काही वेगळे खातात. सोलापूरकरांना याची गरजच नाही. मंगळवेढ्याची ज्वारी आपल्या दाराशी आहे आणि ज्वारीत हे प्रथिन नाही. भाकरी, पिठले, शेंगाचटणी व दही हा बेत सर्वांसाठी एकच करावा.

ज्वारीच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा नसतो. म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवावे. त्यातील पिष्ट फुलून पीठ बांधले जाते. पीठ ताजे असावे, जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते. तरुणांसाठी पातळ भाकरी मंद आचेवर कडक करावी. कवळी वापरणाऱ्यांना मऊ भाकरी पिठल्यात कुस्करून द्यावी. पिठल्यासाठी एक वाटी डाळीच्या पिठाला तीन वाट्या पाणी पुरते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरे व तिखट कुटून चटणी करावी आणि ती दह्यात कालवावी. रक्तदाब असल्यास मीठ बेतानेच घालावे.

खरी सावधगिरी पदार्थांपेक्षा वाटेत घ्यावी लागते. गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळली, की गव्हाचे पीठ तिच्यात मिसळते. शक्य असल्यास ज्वारी आणि हरभराडाळ घरच्या घंटीवर दळावी. त्या घंटीवर गहू दळू नये. परात, पोळपाट व तवा स्वतंत्र ठेवावा. बाजारातील हिंगपुडीत बहुधा गव्हाचे पीठ असते, म्हणून फोडणीला लसूणच पुरे. तयार भाजणीत गहू असू शकतो. रवा, मैदा, दलिया व शेवया ही गव्हाचीच रूपे. खपली पचायला हलकी म्हणून अनेक जण ती निर्धास्त खातात. पण खपली हाही गहूच, या रुग्णांना तो चालत नाही.

आता दोन गोष्टी काळजीवाहकांसाठी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना अकरा वाजेपर्यंत उपाशी ठेवू नये. साखर एकाएकी उतरून चक्कर येते, प्रसंगी शुद्ध हरपते. औषध आणि खाणे यांची नेहमीची वेळ पाळावी. उशिराच्या पंगतीत त्यांनी थोडेच खावे. भाकरीनेही साखर वाढते, तेव्हा ती मोजूनच वाढावी.

दुसरे, केवळ संशयावरून गहू सोडू नये. आधी डॉक्टरांना भेटून रक्ततपासणी करावी. गहू बंद केल्यावर तपासणी केली, तर विकार असूनही तो दिसत नाही आणि निदान लांबते. ज्यांना हा विकार वा गव्हाचा दुसरा त्रास नाही, त्यांनी गहू वर्ज्य केल्याने विशेष लाभ होत नाही.

ज्यांचे निदान पक्के झाले आहे, त्यांच्या घरी येत्या रविवारी एकाच परातीतील भाकरी सर्वांच्या ताटात वाढावी. पथ्य एकट्याने पाळायचे असले, की ते लवकर मोडते. सारे घर पाळू लागले, की ते पथ्य राहत नाही, घरची रीत होते.