वाय-फायचा पासवर्ड बदलला, कुलूप मात्र जुनंच

वाय-फायला अवघड पासवर्ड ठेवला की झालं, असा अनेकांचा समज असतो. पण पासवर्ड ही नुसती किल्ली. कुलूपच कच्चं असेल तर किल्ली कितीही चांगली असून काय उपयोग?

१९९७ मध्ये आलेली 'डब्ल्यूईपी' ही पहिली सुरक्षा पद्धत संशोधकांनी २००१ मध्येच मोडून दाखवली. २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए२' आली आणि तेरा वर्षं ती भरवशाची मानली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठाचे संशोधक मॅथी व्हानहूफ यांनी तिच्यातलीही फट दाखवली. या हल्ल्याचं नाव 'क्रॅक'.

फोन वाय-फायला जोडला जाताना राउटर आणि फोन यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते. त्यातला तिसरा संदेश पुन्हा फोनपर्यंत पोहोचवला, की फोन वापरून झालेलीच किल्ली परत बसवतो आणि माहिती वाचायची वाट मोकळी होते. त्यासाठी पासवर्ड माहीत असण्याची गरज नाही. म्हणजे पासवर्ड बदलूनही हा धोका टळत नव्हता. इलाज एकच, अपडेट. हल्लेखोर वाय-फायच्या टप्प्यात असावा लागतो आणि बँकांच्या 'एचटीटीपीएस' साइटना वेगळं संरक्षण असतं, एवढाच काय तो दिलासा.

२०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए३' आली. पुढच्याच वर्षी तिच्यातही उणिवा निघाल्या. २०२१ मध्ये उघड झालेल्या काही त्रुटी तर थेट १९९७ पासूनच्या होत्या.

दुरुस्त्या निघतात, हे खरं. पण त्या घराघरांत पोहोचतात का? स्वस्त फोनचे अपडेट दोन-तीन वर्षांत बंद होतात. केबलवाल्यानं बसवलेला राउटर बिघडेपर्यंत कुणी उघडूनही बघत नाही.

'आमच्या वाय-फायवर चोरण्यासारखं आहेच काय?' असं म्हणणाऱ्यांनी जुलै २००८ आठवावा. अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटं आधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. तिथे तर कुलूपच नव्हतं. पोलीस पोहोचले ते त्या घराच्या दारात.

राउटरच्या सेटिंगमध्ये 'डब्ल्यूपीए३', ते नसेल तर 'डब्ल्यूपीए२-एईएस' निवडणं आणि अपडेट करणं ग्राहकाच्या हातात आहे. पण राउटरला अपडेट किती वर्षं मिळणार, हे विकतानाच सांगायला हवं. ते काम ग्राहकाचं नाही, कंपनीचं आहे.