बोंडूचा तुरटपणा कामाला लावा



कोरोनाच्या साथीनंतर हात धुण्याच्या बाटल्यांवर 'वनस्पतीजन्य' हे बिरुद सर्रास दिसू लागले. कुठली वनस्पती, किती प्रमाणात, कोणत्या विषाणूवर, हे मात्र बाटली उलटसुलट करूनही सापडत नाही. हा प्रश्न सिंधुदुर्गातूनच विचारला जायला हवा, कारण असा कच्चा माल इथे दरवर्षी झाडाखाली कुजतो.

काजूच्या हंगामात कसालहून मालवणकडे जाताना बागांमधून येणारा आंबूस वास ओळखीचा आहे. बी काढून घेतली, की बोंडू, म्हणजे काजूचे फळ, तिथेच पडून राहतो. वजनाने तो बियेच्या कितीतरी पट. गोव्यात त्याची फेणी होते, तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. इकडे थोडेसे सरबत, बाकी चिलटांची चंगळ.

बोंडू चावला की जीभ आवळते, ती टॅनिनमुळे. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटते. विषाणूच्या पृष्ठभागावरही प्रथिने असतातच. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये काकी या तुरट फळाचा अर्क बारा विषाणूंवर तपासला आणि सर्वांची संसर्गक्षमता एक दहाहजारांश किंवा त्याहून कमी झालेली आढळली. त्यात साध्या अल्कोहोलला फारशी दाद न देणारा नोरोव्हायरसच्या जातकुळीतला विषाणूही होता. काजूचे टॅनिन तेच करील असे गृहीत धरता येणार नाही. ते तपासावे लागेल, आणि नेमके तेच इथे होताना दिसत नाही.

बोंडू दिवसभरात नासतो, हे खरे. पण काजूगराची तांबूस साल कोरडी असते, टॅनिनने भरलेली असते आणि काजू कारखान्यांत पोत्यांनी साठते. सुरुवात तिथून का नको? कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनच्या पातळ पापुद्र्यात या सालीचा अर्क मिसळला, तर खाद्यपदार्थाचे वेष्टन तयार होऊ शकते. मालवणच्या किनाऱ्याला कोळंबी काही नवी नाही.

वेष्टनाचा विषय निघालाच आहे, तर 'विघटनशील' पिशव्यांबाबतही सावध राहायला हवे. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, म्हणून अशा पिशव्या आल्या. पण त्यातल्या अनेक साधारण साठ अंशांच्या औद्योगिक खतखान्यातच कुजतात. समुद्रात वर्षानुवर्षे तशाच राहू शकतात.

1957 मध्ये सुरू झालेले वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र काजूच्या जाती काढत आले आहे. आता त्याने व दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साल आणि बोंडूची विषाणूचाचणी एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. आणि 'वनस्पतीजन्य' किंवा 'विघटनशील' म्हणून विकणाऱ्याला वेष्टनावर विषाणूचे नाव, हात चोळण्याचा वेळ व पिशवी कुजण्याचे तापमान छापण्याची सक्ती सरकारने करावी.

– एक वाचक, कसाल