बर्फात अडकलेली गाडी, चालू हीटर आणि बंद काचा

परवा एक ओळखीचे कुटुंब मनालीला निघण्याआधी दवाखान्यात आले होते. मुलांची औषधे लिहून झाल्यावर वडील म्हणाले, "बर्फात अडकलो तरी काळजी नाही डॉक्टर. काचा घट्ट लावायच्या, हीटर चालू ठेवायचा आणि झोपून जायचे. गाडीवाल्यानेच सांगितले आहे."

वाचकहो, हा सल्ला जीवघेणा आहे आणि तो इतक्या सहजपणे दिला जातो याचा मला राग येतो.

2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान 22 जण दगावले. काही थंडीने, तर काही विषारी वायूने गेले असावेत, असे तेव्हा सांगण्यात आले. आपल्याकडेही 2024 च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. म्हणजे हा धोका दूरचा नाही.

दोष कोणाचा?

बंद गाडीत कोणी मृत सापडले की आपण 'एसीचा गॅस' म्हणून मोकळे होतो. पण पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर स्वतः काही जाळत नाही, तो इंजिनाची उष्णता आत आणतो. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार असतो इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की धूर गाडीखाली साचतो आणि फटींतून, ब्लोअरमधून आत शिरतो. "आमची गाडी नवी आहे" हेही उत्तर नव्हे. धूर शुद्ध करणारे यंत्र तापल्याशिवाय नीट काम करत नाही आणि थंड इंजिन हा वायू जास्त सोडते.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. गर्भवती असल्यास पोटातल्या बाळाला धोका आणखी जास्त.

फसवणूक इथेच होते

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, थकवा ही याची लक्षणे. उंचावर गेल्यावर विरळ हवेनेही अगदी हेच होते. मग घरातले म्हणतात, "हवा लागली, जरा झोप." ती झोपच शेवटची ठरू शकते. कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही इथे उपयोगाचा नाही. हिमोग्लोबिनला चिकटलेला वायू ऑक्सिजन आहे की कार्बन मोनॉक्साइड, हे त्याला ओळखता येत नाही. माणूस बेशुद्धीकडे जात असतानाही तो 98 दाखवू शकतो. एकाच गाडीतल्या अनेकांचे डोके एकदम दुखू लागले, तर आधी धुराचाच संशय घ्या.

"मग काय थंडीने मरायचे?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर सोपे आहे. गाडी नव्हे, माणूस गरम ठेवा.

- इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा.
- तासाला सुमारे 10 मिनिटेच इंजिन चालवा. तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवा.
- घोंगडी, लोकरी टोप्या, कोरडे मोजे गाडीत हाताशी ठेवा, डिकीत नव्हे. एकमेकांना बिलगून बसा.
- एकाने जागे राहायचे. पाळी लावा.
- शेगडी, कोळसा, गॅसची चूल गाडीत कधीही पेटवू नका.
- दारू नको. तिने ऊब वाटते, पण त्वचेतून शरीराची उष्णता निघून जाते.

त्रास जाणवला तर इंजिन बंद करा, दारे उघडा, रुग्णाला मोकळ्या हवेत आणा आणि रुग्णालय गाठा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. बरे वाटले म्हणून परत फिरू नका.

थंडी आधी हुडहुडी भरवते, सावध करते. हा वायू तसे काही करत नाही. म्हणून प्रवाशांना गाड्या देणाऱ्यांना माझे सांगणे आहे: हीटरची जाहिरात करता, तर किल्ली हातात देताना सायलेन्सरबद्दलही दोन वाक्ये बोला. आणि पालकांनो, मागच्या सीटवर मुले शांत झोपली आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यांना हलवून उठवा, बोलते करा.